‘माझ्या हाती काय आहे?’ : इच्छास्वातंत्र्याच्या कल्पनेचा प्राचीन उगम

मेंदूविज्ञानाच्या बातम्यांत एक मथळा अधूनमधून हमखास दिसतो: ‘तुम्ही ठरवण्याआधीच तुमचा मेंदू ठरवून मोकळा होतो.’ या मथळ्याचे मूळ बहुतेक वेळा बेंजामिन लिबेट या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असते. लिबेट यांनी काही जणांना सांगितले, की वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि ते हलवण्याची इच्छा नेमकी कधी जाणवली, हे समोरच्या घड्याळावरून लक्षात ठेवा. हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी इच्छा जाणवली, असे त्या लोकांनी सांगितले. मेंदूतील विद्युत हालचालींच्या नोंदीत मात्र तयारी सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली दिसली. एवढ्या आधारावर इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे आणि म्हणून दोष देणे व शिक्षा करणे यांनाही अर्थ उरत नाही, असे निष्कर्ष काढले जातात.

इच्छास्वातंत्र्य म्हणजे, आपण केलेली निवड अखेर आपलीच असते आणि आधीच्या कारणांनी किंवा बाहेरच्या शक्तीने ती ठरवून टाकलेली नसते, ही समजूत. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की माणूस विचार करू लागला तेव्हापासून ती असणार, असे आपण गृहीत धरतो. प्राचीन ग्रीस आणि रोमचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. तिथे दोष, शिक्षा आणि जबाबदारी आधी आली, त्यांची बारकाईने चर्चाही झाली, आणि इच्छास्वातंत्र्याची कल्पना त्यानंतर कित्येक शतकांनी घडत गेली. हा क्रम समजून घेतल्याशिवाय आजच्या मथळ्यांची शहानिशा करता येत नाही, असे मला वाटते.

## देवाने बुद्धी फिरवली, तरी भरपाई द्यायचीच

होमरच्या ‘इलियड’मध्ये सेनापती अगमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री हिरावून घेतो, अकिलीस संतापून युद्धातून अंग काढून घेतो आणि ग्रीक सैन्याची दाणादाण उडते. पुढे एकोणिसाव्या सर्गात समेटाची वेळ येते तेव्हा अगमेम्नॉन सर्वांदेखत म्हणतो, की दोष माझा नाही. झ्यूस, नियती आणि अंधारात वावरणारी सूडदेवता यांनी त्या दिवशी माझी बुद्धी भ्रष्ट केली. आजच्या वाचकाला ही सरळसरळ पळवाट वाटेल. पण त्याच भाषणात तो असेही सांगतो, की झ्यूसने माझी बुद्धी हिरावून घेतली, म्हणून मी आता अपार भरपाई द्यायला तयार आहे. बुद्धी देवाने फिरवली आणि नुकसान मी भरून देणे लागतो, या दोन विधानांत त्याला विरोध दिसत नाही, आणि त्याचे बोलणे ऐकणाऱ्या योद्ध्यांनाही दिसत नाही. ज्याच्या हातून घडले त्याने निस्तरायचे, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता. कृती करण्यापूर्वी त्याचे मन स्वतंत्र होते की नव्हते, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

## अ‍ॅरिस्टॉटलचा प्रश्न: कृतीचा उगम कुठे?

इ. स. पू. चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने जबाबदारीची चर्चा पहिल्यांदा शिस्तीत बांधली. ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो विचारतो, की आपण कोणत्या कृत्यांबद्दल माणसाची स्तुती वा निंदा करतो आणि कोणत्या कृत्यांबद्दल त्याला माफ करतो. त्याचे उत्तर दोन अटींचे आहे. कृतीचा उगम करणाऱ्याच्या आत असला पाहिजे, आणि आपण काय करतो आहोत, कुणाला करतो आहोत, कशाने करतो आहोत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. वाऱ्याने कुणाला भलतीकडे वाहून नेले, तर पहिली अट मोडते.

यानंतर तो अवघड उदाहरणे घेतो, आणि मला त्याच्या लेखनातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. समुद्रात वादळ उठले आहे आणि जहाज वाचवण्यासाठी खलाशी किमती माल पाण्यात फेकून देतात. शांतपणी कोणीही शहाणा माणूस आपला माल समुद्रात टाकणार नाही; मग ही कृती त्यांची स्वतःची की सक्तीची? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, की अशी कृत्ये मिश्र असतात, पण त्यांचा कल स्वेच्छेकडेच आहे, कारण त्या क्षणी हातपाय हलवण्याचा उगम माणसाच्या आतच होता आणि करणे वा न करणे त्याच्या हाती होते. ‘आपल्या हाती असणे’ हा पुढच्या पाच-सहा शतकांच्या वादाचा कणा ठरलेला शब्दप्रयोग इथे ठसठशीतपणे समोर येतो.

आपल्या आजच्या प्रश्नाच्या जवळ तो एकाच ठिकाणी येतो. एखादा म्हणेल, ‘माझा स्वभावच असा आहे, मी तरी काय करू?’ त्यावर अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर असे, की स्वभाव सवयींनी बनतो आणि त्या सवयी सुरुवातीला आपल्या हाती होत्या. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो उचलणे आणि फेकणे फेकणाऱ्याच्याच हाती होते. मात्र विश्वातली प्रत्येक घटना आधीच्या घटनांनी बांधलेली असेल तर काय, हा प्रश्न या नीतिविचारात तो उपस्थित करत नाही. ‘उद्या सागरी लढाई होईल’ हे विधान आजच खरे असेल तर लढाई अटळ ठरते का, असे कोडे त्याने दुसऱ्या एका ग्रंथात जरूर मांडले आहे, पण ते तर्कशास्त्राच्या अंगाने.

## अणूंच्या जगात माणसाचे काय?

या प्रश्नाशी खरी गाठ पडली ती निसर्गाच्या अभ्यासामुळे. जग म्हणजे पोकळीत फिरणारे अणू आणि त्यांच्या टकरी, हे आधीच्या पिढीतल्या डेमोक्रिटस या ग्रीक तत्त्वज्ञाचे मत एपिक्युरस या तत्त्वज्ञाने (इ. स. पू. ३४१–२७०) स्वीकारले. पण मनही अणूंचेच बनलेले असेल आणि प्रत्येक टक्कर आधीच्या टकरीने ठरत असेल, तर माणसाच्या हाती उरते काय? एपिक्युरसला हा धोका इतका गंभीर वाटला, की मेनेशियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, निसर्गशास्त्रज्ञांच्या नियतीचे दास होण्यापेक्षा देवांच्या कथांवर विश्वास ठेवलेला बरा, कारण देवांची आराधना करून निदान काही आशा तरी धरता येते.

त्याच्या परंपरेने काढलेला तोडगा असा, की अणू कधीकधी, अनिश्चित वेळी आणि अनिश्चित जागी, आपल्या मार्गापासून किंचित ढळतात. एपिक्युरसच्या उपलब्ध लेखनात हा विचार सापडत नाही. तो आपल्याला कळतो तो ल्युक्रिशियस या रोमन कवीच्या आणि सिसरो या रोमन विचारवंताच्या लेखनातून. ल्युक्रिशियस शर्यतीच्या घोड्यांचा दाखला देतो. अडसर उघडतो, घोडा धावायला आतुर असतो, तरी त्याचे शरीर मनाइतक्या झटकन पुढे झेपावत नाही, कारण हालचाल आधी अंतःकरणात सुरू होते आणि मग सर्वांगात पसरते. धक्का देऊन कुणाला पुढे लोटले तर मात्र शरीर आधी जाते आणि मन नंतर त्याला आवर घालते. इच्छा आणि हालचाल यांच्यामधल्या क्षणभराच्या अंतरावर दोन हजार वर्षांपूर्वी कुणी इतके नेमके बोट ठेवले होते, हे वाचून आजही नवल वाटते.

तरीही अणूच्या ढळण्याने प्रश्न सुटत नाही, आणि हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. ढळणे अकारण असेल तर ते माझे कसे? कागदावर हात असताना स्नायूला अचानक झटका आला आणि सहीसारखे काही उमटले, तर त्याला कोणी माझी सही मानणार नाही. योगायोग माणसाला नियतीच्या तावडीतून सोडवतो खरा, पण त्याच्या हाती काहीच ठेवत नाही.

## ‘बरे व्हायचेच असेल तर वैद्य कशाला?’

एपिक्युरसच्या विरुद्ध बाजूला स्टोइक पंथ होता. अथेन्समध्ये इ. स. पू. ३०० च्या सुमारास झीनोने हा पंथ सुरू केला आणि क्रिसिपसने (इ. स. पू. सुमारे २७९–२०६) त्याला तर्काची भक्कम बैठक दिली. त्यांच्या मते कोणतीही घटना कारणाशिवाय घडत नाही, सर्व कारणे एकाच साखळीत गुंफलेली आहेत, आणि ही साखळी म्हणजेच नियती. हीच भूमिका आज नियतिवाद म्हणून ओळखली जाते.

यावर विरोधकांनी मांडलेला युक्तिवाद ‘आळशी युक्तिवाद’ या नावाने प्रसिद्ध आहे. तुम्ही या आजारातून बरे व्हावे असे नियतीत असेल, तर वैद्याला बोलवा वा न बोलवा, बरे व्हालच; नियतीत नसेल तर वैद्य आणूनही उपयोग नाही; म्हणून वैद्याला बोलावणे व्यर्थ. आपल्याकडेही ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून हात बांधून बसणाऱ्यांचा तर्क नेमका हाच असतो. क्रिसिपसने त्यातली चूक अचूक पकडली. मायलो हा मल्ल ऑलिम्पियात कुस्ती खेळेल असे ठरलेले असेल, तर ‘समोर प्रतिस्पर्धी असो वा नसो’ असे पुढे जोडता येत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याशिवाय कुस्ती होतच नाही. तसेच बरे होणे ठरलेले असेल, तर वैद्याला बोलावणेही त्याच्या जोडीनेच ठरलेले असू शकते. परिणाम आपल्या प्रयत्नांना वळसा घालून येत नाही, तो त्यांच्यामधूनच येतो. नियतिवाद आणि निष्क्रियता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या स्वच्छपणे त्याच्याआधी कुणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

## दंडगोलाचा आकार कुणी घडवला?

मग जबाबदारी कुणाची? क्रिसिपसने उतारावरच्या दंडगोलाचा दृष्टान्त दिला. दगडी दंडगोलाला कुणी ढकलले तर तो गडगडत जातो. सुरुवात धक्क्याने झाली हे खरे. पण तो गडगडतो आपल्या गोल आकारामुळे. त्याच उतारावर, त्याच धक्क्याने, चौकोनी ठोकळा गडगडणार नाही. बाहेरच्या जगाचा आपल्या मनावर ठसा उमटतो, तो म्हणजे धक्का. त्या ठशाला आपण ‘होय, हे खरे, हे करण्याजोगे’ म्हणून संमती देतो की नाही, हे आपल्या मनाच्या घडणीवर अवलंबून असते. टेबलावर पडलेले दुसऱ्याचे पैसे दोघांना दिसतात, एक उचलतो आणि दुसरा उचलत नाही. फरक दोघांच्या मनात आहे, म्हणून कृत्यही ज्याचे त्याचे.

झीनोविषयीची एक आख्यायिका इथे आठवते. चोरीबद्दल फटके खाणारा गुलाम म्हणाला, ‘चोरी करणे माझ्या नशिबातच होते.’ झीनो उत्तरला, ‘आणि फटके खाणेही.’ आख्यायिका चटपटीत आहे, पण ती क्रिसिपसच्या युक्तिवादाइतकी खोल जात नाही, कारण गुलामाचा खरा आक्षेप शिल्लकच राहतो: दंडगोलाने आपला आकार स्वतः घडवलेला नाही. माझे मन जन्म, संगत आणि परिस्थिती यांनी घडले असेल, तर त्या घडणीबद्दल मी दोषी कसा? क्रिसिपसपाशी याचे पूर्ण समाधान देणारे उत्तर होते, असे मला वाटत नाही.

## कार्नीएडीझची हरकत

हीच दुखरी नस अथेन्सच्या अकादमीचा प्रमुख कार्नीएडीझ याने दाबली. त्याने स्वतः काही लिहिले नाही. त्याचे युक्तिवाद आपल्याला मिळतात ते सिसरोने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या ‘नियतीविषयी’ या ग्रंथात, आणि तोही अपुऱ्या स्वरूपात हाती आला आहे. सर्व काही आधीच्या कारणांनी ठरत असेल तर आपल्या हाती काही राहत नाही, असे त्याचे म्हणणे. एपिक्युरसच्या अनुयायांनाही तो सुनावतो, की तुम्हाला ढळणाऱ्या अणूंची गरजच नव्हती. मनाची स्वेच्छेची हालचाल अकारण नसते, पण तिचे कारण बाहेर आणि भूतकाळात शोधण्याचे कारण नाही. आपल्या हाती असणे हाच तिचा स्वभाव. हे उत्तर पुरेसे आहे की प्रश्नालाच दुसरे नाव देणे आहे, यावर तत्त्वज्ञ आजही भांडतात.

त्याच काळातल्या दुसऱ्या एका ग्रंथात सिसरोने ज्योतिषावरही टीका केली. कॅनीच्या लढाईत एकाच दिवशी मारल्या गेलेल्या हजारो रोमनांची जन्मपत्रिका एकच होती काय, असे तो विचारतो.

## एका गुलामाचे स्वातंत्र्य

इथवर ‘आपल्या हाती’ आणि ‘संमती’ आहेत. ‘स्वतंत्र’ आणि ‘इच्छा’ यांची जोडी स्टोइक पंथाच्या मध्यवर्ती शिकवणीत अजून जमलेली नाही. प्राचीन समाजात स्वतंत्र म्हणजे जो गुलाम नाही तो, असा सरळ सामाजिक अर्थ होता. तो अर्थ मनाच्या आत नेणारा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस (इ. स. सुमारे ५०–१३५) हा स्वतः गुलाम होता, आणि मला हा योगायोग वाटत नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा हा माणूस सम्राट नीरोच्या एका मुक्त गुलामाच्या, एपाफ्रोडायटसच्या मालकीचा होता. पुढे सुटका झाल्यावर त्याने ग्रीसमधल्या निकोपोलिस येथे पाठशाळा चालवली. त्याची प्रवचने एरियन या शिष्याने टिपून ठेवली. त्यांत तो जुलमी सत्ताधाऱ्याला उत्तर देतो, की बेड्या घालशील त्या माझ्या पायाला. माझ्या संकल्पशक्तीला तर झ्यूसही जिंकू शकत नाही. जगाच्या ठशांचे काय करायचे हे ठरवणारी मनाची शक्ती, या अर्थाने मी इथे ‘संकल्पशक्ती’ म्हणतो आहे.

मायकेल फ्रेडे या जर्मन अभ्यासकाने १९९७–९८ मध्ये बर्कली येथे दिलेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले, की स्वतंत्र इच्छेची पूर्ण घडलेली कल्पना पहिल्यांदा एपिक्टेटसकडे दिसते. आल्ब्रेख्ट डिहले यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा मान संत ऑगस्टीनला दिला होता. मला फ्रेडे यांचे म्हणणे अधिक पटते, पण एक खबरदारी घेऊन. एपिक्टेटसचे स्वातंत्र्य सर्वांना जन्मतः मिळालेले नाही. क्षमता सर्वांपाशी आहे. पण जो पैसा, मान आणि भीती यांना संमती देत राहतो तो दासच, मग तो सिनेटर का असेना. शिवाय ‘मी याच क्षणी उलटही वागू शकलो असतो’ असा त्या स्वातंत्र्याचा अर्थ नाही; माझ्यावर कोणी सक्ती करू शकत नाही, असा आहे.

## दोन्ही वाटा मोकळ्या असणे

‘उलटही वागू शकलो असतो’ हा आपल्या ओळखीचा अर्थ ठळक झाला तो इ. स. २०० च्या सुमारास. अ‍ॅरिस्टॉटलचा भाष्यकार अफ्रोडिसियसचा अलेक्झांडर याने नियतीविषयी एक ग्रंथ लिहून सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि काराकाला यांना अर्पण केला. एखादी गोष्ट करणे आणि न करणे, दोन्ही शक्य असतील तरच ती आपल्या हाती आहे म्हणता येते, असे त्याने स्टोइकांविरुद्ध ठामपणे मांडले.

ख्रिस्ती विचारवंतांना हा अर्थ हवाच होता, कारण सर्वशक्तिमान आणि चांगल्या ईश्वराच्या जगात पाप आले कुठून, याचे उत्तर त्यांना द्यायचे होते. आजच्या अल्जीरियात बिशप असलेल्या ऑगस्टीनने (इ. स. ३५४–४३०) वाईटाचे मूळ माणसाच्या स्वतंत्र इच्छेत शोधले. पण सोळाव्या वर्षी भूक नसताना मित्रांबरोबर चोरलेल्या नासपतींवर तो आत्मकथनात पानेच्या पाने लिहितो, आणि पुढे विचारतो, की मनाने आज्ञा दिली तर हात लगेच हलतो, मग मनाने मनालाच आज्ञा दिली तर ते का ऐकत नाही? इच्छा स्वतःविरुद्धच दुभंगू शकते, ही त्याने घातलेली भर. उत्तरायुष्यात ईश्वरी कृपेशिवाय ही इच्छा चांगल्याकडे वळूच शकत नाही, असे तो, माणूस स्वबळावर चांगले वागू शकतो असे मानणाऱ्या पेलेजियसच्या अनुयायांशी वाद घालताना म्हणू लागला.

## हा वाद भारतात नव्हता का?

होता, आणि ग्रीकांइतकाच तिखट होता. बुद्धाच्या काळातला मक्खली गोसाल आणि त्याचा आजीविक पंथ कट्टर नियतिवादी होते. फेकलेला सुताचा गुंडा जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेले फेरे पुरे करूनच दुःखमुक्त होतात आणि पुरुषार्थ असे काही नसतेच, हे मत दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्तात गोसालाच्या तोंडी आहे. आजीविकांचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले, त्यामुळे त्यांना आपण विरोधकांच्या शब्दांतूनच ओळखतो. ‘उवासगदसाओ’ या जैन आगमात महावीर आणि सद्दालपुत्त या आजीविक कुंभाराचा संवाद आहे. ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय, असे महावीर विचारतात. प्रयत्नाशिवाय, सर्व नियत आहे, असे कुंभार सांगतो. मग ही मडकी कुणी चोरली, फोडली किंवा तुझ्या पत्नीवर हात टाकला तर? मी त्याला बडवीन, ठारही करीन, असे तो म्हणतो. नियती खरी असेल तर तू त्याला दोष कसा देतोस, असे महावीर विचारतात आणि कुंभाराला आपली विसंगती कळते. झीनोच्या गोष्टीत आणि या गोष्टीत दोन्हीकडे शिक्षाच कसोटीला लागते, फक्त निष्कर्ष उलटे निघतात.

मराठीत या दोन परंपरा समोरासमोर आणण्याचे मोठे काम लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’ने (१९१५) केले. ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या दहाव्या प्रकरणाच्या नावातच त्यांची दिशा आहे: मन आणि बुद्धी प्रकृतीच्या नियमांत अडकलेली, म्हणून स्वातंत्र्य शोधायचे ते आत्म्याकडे.

## मग मेंदूच्या प्रयोगाने काय सिद्ध झाले?

इच्छास्वातंत्र्य या एका नावाखाली इतक्या वेगवेगळ्या कल्पना नांदत असतील, तर प्रयोगाने त्यांपैकी नेमकी कोणती पाडली, हे विचारलेच पाहिजे. मनातली इच्छा ही शरीराच्या हालचालीचा पहिला आरंभ आहे, या ल्युक्रिशियसच्या चित्राला लिबेट यांच्या नोंदी बाधक ठरू शकतात. स्टोइकांना मात्र त्या खटकल्याही नसत्या. मेंदूतली तयारी हा त्यांच्या साखळीतला आणखी एक दुवा. अ‍ॅरिस्टॉटलने तर मनगट आत्ता हलवावे की क्षणाने, याला विचारपूर्वक निवड म्हटलेच नसते, कारण तिथे तोलून पाहण्यासारखे काही नाही.

‘पण इच्छास्वातंत्र्य नसेल तर गुन्हेगाराला शिक्षा कशी द्यायची?’ हा नेहमीचा प्रतिप्रश्न. कायदा प्रत्यक्षात काय विचारतो ते पाहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये, मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे कळण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीचे कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम २३ आणि २४ नशेत केलेल्या कृत्यांविषयी आहेत, आणि नशा स्वतःहून केली की नकळत वा इच्छेविरुद्ध करवली गेली, यावर तिथे सगळे अवलंबून असते. कलम ३२ जिवाच्या धाकाने करायला लावलेल्या कृत्यांना काही गंभीर अपवाद वगळून माफी देते. माहीत होते का आणि सक्ती होती का, हे अ‍ॅरिस्टॉटलचेच दोन प्रश्न आहेत. स्वतःहून प्यायलेल्याला सूट देऊ नये, हेही तो म्हणाला होता आणि अशाला दुप्पट शिक्षा देणाऱ्या ग्रीक कायद्यांचा त्याने दाखला दिला होता. मेंदूतल्या तयारीच्या लहरीने या दोन प्रश्नांची उत्तरे बदलत नाहीत. ज्याचे लहानपण मारहाणीत आणि उपासमारीत गेले, त्याच्या स्वभावाचा दगड कोणी उचलला आणि कोणी फेकला, हे मात्र ही कलमे विचारत नाहीत. त्याचा विचार झालाच तर शिक्षा किती द्यायची हे ठरवताना न्यायाधीशांपुढे होतो.